नाण्यावरचा कोणी समोर बघत नाही

आमच्या बिल्डिंगमध्ये एक म्हातारे राहायचे. ते शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावायचे. कतारच्या अल वक्रात ऑगस्टमध्ये बाहेर पडलं की तापल्या तव्यावर तोंड धरल्यासारखं होतं, तेव्हाही. बाह्या मनगटापर्यंत, पायांत मोजे, वर बूट. वॉचमन बनियनवर बसलेला असायचा आणि हे लिफ्टमधून लग्नाला निघाल्यासारखे बाहेर यायचे. आणि अशा माणसाचा नाद काय, तर नागडी नाणी.

नागडी हा माझा शब्द. ते रोमन म्हणायचे. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडे जे राजे होते त्यांची. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला कोणी देव नाहीतर देवी. देव बहुतेक उघडे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "अगं बाई, हा तर नागडाच आहे."

"नागडा नाही. खांद्यावर उपरणं आहे," ते म्हणाले.

"खांद्यावरच आहे ना? पाहिजे तिथे नाही."

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं, नाहीतर रागावलं असतं. यांनी भिंग काढलं, नाणं उजेडाकडे नेलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

मी लेकीकडे राहते. सकाळी लेक, जावई, नातवंडं सगळी आपापल्या वाटेने गेली की घरात मी आणि एसीचा आवाज. त्यांचंही तसंच. बायको गेल्यावर मुलाने त्यांना पुण्याहून इकडे आणलं. मुलगा समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर, पंधरवडा तिकडे, पंधरवडा घरी. सून दोह्याला, वेस्ट बेमधल्या टोलेजंग इमारतींत, बँकेत. मग आम्ही दोघं खाली लिफ्टजवळच्या बाकावर येऊन बसायचो. ते मला बाई म्हणायचे, मी त्यांना भाऊ. पुढे काही विचारायची गरज पडली नाही.

तरुणपणी ते इथे नकाशे काढायच्या नोकरीला होते. वेस्ट बेमध्ये उंच असं काही नव्हतं तेव्हाची गोष्ट. बाकीचे लोक सोनं घ्यायचे, हे विलायतेतून पोस्टाने नाणी मागवायचे. ती बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवलेली असत. एका खणात एक नाणं, खाली कापूस. फ्रिजमध्ये नव्हे, कपाटात. चांदीची चवलीएवढी, तांब्याची जुन्या ढब्बू पैशाएवढी. हात लावायचा तर कडेला लावायचा. मी एकदा पदराने पुसायला गेले तर असे ओरडले की वॉचमन उठून आला. त्यावरचा मळ म्हणजे त्याचं वय, तो काढायचा नाही, असं म्हणाले. मी म्हटलं, "आमच्याकडे चिंचेने घासलं असतं." त्यांनी ट्रे छातीशी धरला आणि दोन दिवस खाली आणला नाही.

बिल्डिंगमधल्या बायका त्यांना मागून नागडे काका म्हणायच्या. गळ्यापर्यंत बटणं लावणाऱ्या माणसाला.

राजांबद्दल ते शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलायचे. हे फार उधळे होते. यांना आईने बिघडवलं. यांची बायको यांच्यापेक्षा हुशार. नावं लांबलचक असायची, मला एक पाठ झालं नाही. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातही इतिहास म्हटला की झोप यायची. पण त्यांचं एक म्हणणं माझ्या लक्षात राहिलं, कारण ते जो भेटेल त्याला ऐकवायचे. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही हिंदीत ऐकवलं होतं. ते असं, की त्या नाण्यांवर दोनच जातीचे लोक उघडे असतात. एक देव आणि दुसरे कैदी. देवाला लाज नसते आणि कैद्याला ठेवू देत नाहीत. मधले सगळे कपड्यांत. राजासुद्धा अंगरख्यात नाहीतर चिलखतात. राजा उघडा दाखवला की समजायचं, त्याला देव करायला निघालेत.

मग ते तांब्याचं एक मोठं नाणं काढायचे. मध्ये खांबावर जिंकलेली शस्त्रं टांगलेली, खाली एक माणूस, हात मागे बांधलेले, अंगावर काही नाही. तो एवढासा होता, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. पण मान खाली घातलेली कळायची.

"आणि हा बघा सूर्य," असं म्हणून दुसरं काढायचे. डोक्याला किरणं, एक हात वर, तोही उघडा. "दोघांच्या अंगावर सारखंच काही नाही. पण उभं राहणं बघा, बाई."

हे मात्र मला पटलं होतं.

त्यांचं आवडतं नाणं वेगळंच होतं. एका राणीचं. मागच्या बाजूला बाई बसलेली, पायघोळ कपडे, आणि एका हाताने डोक्यावरचा पदर तोंडाकडे ओढतेय. ती म्हणे लाजेची देवी. मी म्हटलं, "ही कसली देवी, ही आमच्या गावची सून. सासरा ओसरीवर आला वाटतं." ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. नंतर ते नाणं ट्रेमध्ये ठेवायच्या आधी त्यांनी पुन्हा एकदा भिंगातून बघितलं.

हिवाळ्यात आम्ही संध्याकाळी समुद्राकडे चालत जायचो. तिथे एक गोरी बाई आखूड चड्डीत पळायला यायची. ती लांबून दिसली की भाऊ गर्रकन वळून समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे, ती पार जाईपर्यंत.

मी एकदा विचारलंच, "भाऊ, नाण्यावरची बाई चालते आणि चालती बाई चालत नाही, हे काय?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, "नाण्यावरचा कोणी समोर बघत नाही, बाई. सगळे बाजूला बघतात. ही समोरून येते. तिने माझ्याकडे बघितलं तर?"

"बघितलं तर काय? तुमच्या अंगावर इतके कपडे आहेत की ती पुन्हा बघायची नाही."

"खलास. घरी चला," ते म्हणाले.

त्यांच्या चित्रांचा तमाशाही सांगायला हवा. इथल्या मराठी मंडळींनी एकदा कोणाकोणाचे छंद मांडायचे ठरवलं होतं. रांगोळ्या, पोस्टाची तिकिटं, लोकरीच्या पिशव्या, त्यात भाऊंची नाणी. नाणी लहान, लांबून दिसायची नाहीत, म्हणून त्यांनी महिनाभर बसून एकेका नाण्याचं ताटाएवढं चित्र पेन्सिलीने काढलं. जन्म नकाशे काढण्यात गेलेला माणूस. जे जिथे होतं ते तिथे काढलं. नाण्यावर जे मोहरीएवढं होतं ते चित्रात कोणाच्याही नजरेत भरेल एवढं झालं.

व्यवस्था बघणाऱ्या बाई धावत आल्या. "काका, अहो काका, लहान मुलं आहेत इथे!"

"असू देत. मोफत आहे," भाऊ म्हणाले.

"तसं नाही हो. देव आहेत म्हणता आणि असे…?"

मी मध्ये पडले. "तुमच्या देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण काय सुटाबुटात असतो का?"

"मावशी, तो बाळ आहे. हे चांगले दाढीमिशांचे आहेत."

शेवटी त्यांनी पिवळ्या चिकट चिठ्ठ्या आणल्या आणि प्रत्येक देवावर नको तिथे एक एक लावली. भाऊ लाल झाले. मला वाटलं आता चित्रं गुंडाळणार. पण त्यांचा राग निराळाच होता. चिठ्ठ्या मोठ्या होत्या, त्याखाली कडेची अक्षरं झाकली गेली होती. "अक्षरं झाकली तर राजा कोणता हे कसं कळणार?" असं म्हणत त्यांनी शेजारच्या लोकरवाल्या बाईंकडून कात्री मागून घेतली आणि एकेक चिठ्ठी मापात कापून पुन्हा लावली. गुंजभरही जास्त नाही.

पुढे काय होणार ते कोणीही सांगितलं असतं. हॉलमधली सगळी पोरं आमच्या टेबलाशी. एकजण चिठ्ठी वर करणार, बाकीचे खिदळणार, चिठ्ठी खाली. रांगोळीकडे कुत्रं फिरकलं नाही. भाऊ प्रत्येकाला गंभीरपणे सांगत होते, "वर केलीस ना? आता डावीकडून अक्षरं वाच." एका मुलीने इंग्रजीत विचारलं, याला थंडी वाजत नाही का. ते म्हणाले, "देव आहे तो. त्याला हवामान नसतं." पुढच्या वर्षी त्यांना बोलावलं नाही.

तर असा माणूस. दगडाधातूच्या उघड्या अंगाबद्दल दिवसभर बोलेल, पण स्वतःच्या घरात काय करायचा ते त्यांच्या सुनेने मला सांगितलं. चांगली मुलगी आहे, नाशिकची, माझ्याच भागातली, म्हणून मोकळेपणाने बोलायची. म्हणाली, "मावशी, बाबा अंघोळीला गेले की दाराला कडी लावतात, वर दाराखालच्या फटीला टॉवेल लावतात. आतले कपडे स्वतः धुतात आणि कपाटात वाळत घालतात, वर्तमानपत्राखाली. मला दिसू नयेत म्हणून. कपाटाला वास येतो हो. पण मी बोलणार कशी?"

बोलणार नाही हे खरं. सासरा आणि सून. आमच्या पिढीत सासऱ्यासमोर आम्ही चपला घालत नव्हतो. ही मुलगी बँकेत पन्नास माणसांशी बोलते, घरी आली की तीही त्यांच्यासमोर ओढणी सावरते. दोघं एकमेकांना फार मानायची. इतकं, की एकमेकांकडे नीट बघतही नसत.

त्या वसंतात भाऊंचा उजवा हात पँटच्या खिशातून बाहेर येईना. बसताना, उठताना, विशेषतः खोकला आला की खिशातला हात आत दाबायचा. चालताना एक पाय जपून टाकायचे. ट्रे आणायचा तर डाव्या हाताने. मी आठवडाभर बघितलं आणि मग विचारलं, "भाऊ, हर्निया किती दिवस आहे?"

ते पांढरे पडले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? माझ्या नवऱ्याने धान्याची पोती उचलून करून घेतला होता. तोही असाच हात दाबून चालायचा. कापून घेतला, बरा झाला. नंतर मेला तो दुसऱ्या कशाने."

मग कळलं की वर्ष झालं होतं. आधी सुपारीएवढा होता, झोपलं की आत जायचा. आता लिंबापेक्षा मोठा, आणि काल रात्रीपासून आत जात नव्हता. दुखत होतं.

"मग सुनेला सांगा आणि आत्ता दवाखान्यात जा."

"तिला? बाई, काय बोलता तुम्ही? जागा कुठली आहे ती!" त्यांनी लिफ्टकडे बघून घेतलं. "मुलगा आला की त्याला सांगेन. आठवडाभराचा प्रश्न आहे."

"आत जात नाही म्हणजे आतडं अडकलंय. ते सडलं तर तुम्ही आठवडाभर टिकणार नाही."

"तुम्ही कोणाला सांगणार नाही असा शब्द द्या."

"मी शब्दबिब्द देत नाही. संध्याकाळी सून घरी आली की तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन."

संध्याकाळी मी वर गेले. सून नुकती आली होती, पर्स खांद्यालाच होती. भाऊ सोफ्यावर पेपर धरून बसले होते. मी विचारलं, "भाऊंनी सांगितलं का?" ती म्हणाली, "काय?" भाऊंनी पेपर आणखी वर धरला. मग मी सांगितलं. काय आहे, कुठे आहे, केव्हापासून आहे. गावात बोलतात त्या शब्दांत सांगितलं, मला दुसरे येत नाहीत.

सून पायाकडे बघत उभी राहिली. भाऊ उठले, पेपराची घडी घातली आणि मला म्हणाले, "बाई, तुम्हाला मी शहाण्या समजत होतो." खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

आम्ही दोघी दार वाजवत राहिलो. सून म्हणत होती, "बाबा, मी काही बघणार नाही, फक्त डॉक्टरकडे चला, प्लीज." तिने नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला मी निघतो, पण शमाल सुटला होता, असा वारा असला की तिकडून हेलिकॉप्टर उडत नाही. त्याने फोनवरून बापाला हाका मारल्या, तिने फोन दाराला लावून धरला. थोड्या वेळाने आतून उलटीचा आवाज आला. मग कडी निघाली. भाऊ चौकट धरून उभे होते. तोंड घामाने भिजलेलं, आणि गळ्याचं बटण लावलेलं.

हॉस्पिटलमध्ये त्यांना पडद्याआड नेलं. आम्ही अलीकडे. एक मल्याळी ब्रदर होता, पोरगेलासा, भला. हिंदीत म्हणत होता, "अंकल, सब कपडा निकालना है, ये गाउन पहनना है."

"शर्ट नहीं निकालूंगा."

"अंकल, ऑपरेशन है."

"ऑपरेशन नीचे है. शर्ट ऊपर है."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि सुनेशी इंग्रजीत भराभर बोलल्या. सुनेने मला सांगितलं, वेळ नाहीये, आतड्याचा रक्तपुरवठा बंद होतोय, हे सही करत नाहीत आणि हातही लावू देत नाहीत. तिचे डोळे भरले होते. "मी आत गेले तर ते जास्तच आखडतील, मावशी. काय करू?"

मी पडद्याच्या अगदी जवळ गेले. उघडला नाही. "भाऊ, मी बोलतेय. पडदा बंदच आहे."

"तुम्ही जा," आतून आवाज आला. "तुमच्यामुळे झालं हे. कैद्यासारखं करून ठेवलंय मला."

"तुम्हाला इथे कैदी कोणी समजत नाही. देवही समजत नाही."

मग, "मग काय समजतात?"

"पोट. नुसतं पोट समजतात. सकाळपासून त्यांनी अशी दहा पोटं बघितली असतील. तुमचं त्यांच्या लक्षातसुद्धा राहायचं नाही."

ब्रदरला मराठी येत नव्हतं, पण तो थांबला होता. वारा खिडकीच्या काचेवर वाळू मारत होता. मग आतून भाऊंचा आवाज आला, अगदी हळू, "भाई, लाइट थोड़ा कम होगा क्या?" आणि ब्रदर म्हणाला, "होगा अंकल, क्यों नहीं होगा," आणि मला बटणं सुटल्याचा आवाज आला असं मी सांगितलं तर खोटं होईल. एसी चालू होता. पण सुटली असणार, कारण पाच मिनिटांत त्यांना चाकांच्या खाटेवरून नेलं, हनुवटीपर्यंत चादर ओढून. आमच्याकडे बघितलं नाही. छताकडे बघत होते.

बोटभर आतडं कापावं लागलं. वाचले.

माझ्याशी त्यांनी नंतर बोलणं टाकलं. मलाही त्याचं फार काही वाटलं नाही. बाकावर ते एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. वर्षभराने मुलाची नोकरी बदलली आणि सगळे पुण्याला गेले. लिफ्टच्या दारात सुनेने मला वाकून नमस्कार केला, भाऊंनी नुसती मान हलवली. शर्ट इस्त्रीचा होता.

पण त्यांना घरी आणलं त्या दिवशी मी तिथे होते, ते सांगून थांबते. मी खिचडी घेऊन गेले होते. वारा अजून पडला नव्हता, मुलगा तिकडेच अडकलेला. जखमेवरची पट्टी त्याच दिवशी बदलायची होती. सुनेने हॉस्पिटलमध्ये नर्सकडून शिकून घेतलं होतं. भाऊ बिछान्यावर आडवे, लुंगीत. मी त्यांना लुंगीत प्रथमच बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. दार उघडंच होतं, ऐकू येत होतं.

ती हात धुऊन आली. कापूस, चिकटपट्टी, औषध, सगळं ताटात मांडल्याचा आवाज आला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. दोघंही तशीच असणार, ती उभी आणि ते आडवे.

शेवटी तिनेच तोंड उघडलं. रडकुंडीला आली होती, पण हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "बाबा, डोळे मी मिटू की तुम्ही मिटता?"

मी खिचडीचा डाव हातात धरून उभी राहिले.

"मी मिटतो," भाऊ म्हणाले. "तू उघडे ठेव. जखम नीट दिसली पाहिजे."